समेवरची टाळी

नीलिमा पोंक्षेने माझ्या भजनाचा तबला सोडला तेव्हा मला राग आला, आणि तो लपवायच्या भानगडीत मी पडलो नाही. सिंगापूरला, बुकित बातोकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी पाच वाजता भजन असतं. पेटी माझी, आवाज माझा, तबला नीलिमाचा, असं चौदा वर्षं चाललं होतं. लोकांच्या बदल्या झाल्या, कोणी परत पुण्याला गेलं, कोणी ऑस्ट्रेलियाला. आमची जोडी हलली नाही. म्हणून एका शनिवारी ती चहाचा कप ठेवत, "काका, पुढच्या आठवड्यापासून मी नाही," असं म्हणाली तेव्हा मला वाटलं, हिलाही परत जायचे वेध लागले.

तसं काही नव्हतं. ती बँडमध्ये ड्रम वाजवायला जाणार होती.

"कसला बँड?" मी विचारलं.

"स्विंगचा, जुन्या नाचाच्या जॅझचा. आपल्या कम्युनिटी क्लबमधला. शनिवारी चार वाजता सराव असतो."

"चोपन्नाव्या वर्षी?"

"तबला सोडला तर साठाव्या वर्षी परत येता येईल. ड्रम साठाव्या वर्षी सुरू करता येणार नाहीत," ती म्हणाली. माझी बायको अरुणा स्वयंपाकघरातून हसली, आणि माझा पारा आणखी चढला.

नीलिमा मूळची डोंबिवलीची. लहानपणी आठ वर्षं गुरुजींकडे तबला शिकली. नवऱ्याच्या, संजीवच्या, नोकरीमागे सिंगापूरला आली, त्याला बावीस वर्षं झाली. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात ती संगणकाच्या प्रणाली तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्यांना गोड शब्दांत सांगायच्या. बुकित बातोक ते चांगी म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं टोक. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जाऊन-येऊन अडीच तास. बाई बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की हलायची नाही. तबला जुळवताना सूर केसभर कमी असेल तर वीस माणसं ताटकळत ठेवायची, आणि वर माझ्याकडे बघायचीही नाही.

क्लबात ती गेली होती योगासनांच्या वर्गात नाव घालायला. शेजारच्या हॉलमध्ये सोळा जणांचा बँड सराव करत होता: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन. नाव घालायचं राहिलं आणि ही दाराशी दीड तास उभी राहिली. बँडचा प्रमुख डेस्मंड परेरा, शहात्तर वर्षांचा, इथलाच युरेशियन माणूस. त्यांच्या ड्रमवाल्याचे गुडघे गेले होते आणि खुर्ची रिकामी होती. नीलिमाने आत जाऊन सरळ विचारलं. डेस्मंडने तिला काठ्या दिल्या, पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं: हात उत्तम आहेत, जोर चुकीच्या जागी आहे. तीन महिने ये. जूनमध्ये क्लबच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, त्यात जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर वुडलँड्सचा एक शाळामास्तर वाट बघतोय, त्याला देईन.

मी तिला गाठून समजावलं. म्हटलं, आपलं इतकं असताना हे परक्याचं कशाला. साहेबांची नाचगाणी ती. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मग बोलली.

"काका, बावीस वर्षं मी या गावात राहते. मला नावाने हाक मारणारं एकूण एक माणूस मराठी आहे. ऑफिसात मी टेस्टिंगवाली, ब्लॉकमध्ये मी गार्गीची आई. पासपोर्ट इथला, लाल झाला, पण मी इथली कुठे झाले? मला इथे एक जागा हवी आहे, आणि ती कोणाची बायको म्हणून नको."

मी घरी येऊन अरुणाला म्हटलं, खूळ आहे, तीन महिन्यांत उतरेल.

ते उतरलं नाही, पण जमतही नव्हतं. आपल्या तालात सम म्हणजे पहिली मात्रा, ते घर. कुठेही भटका, समेवर या. जोर तिथे, टाळी तिथे, मान डोलायची ती तिथे. स्विंगमध्ये नेमकं उलटं. चारांतली पहिली मात्रा येते आणि गुपचूप निघून जाते. जोर दुसरीवर आणि चौथीवर. तिथे ड्रमवाल्याने डाव्या पायाने दोन झांजा मिटायच्या असतात, चक्क, चक्क, आणि त्या दोन चक्कांवर सोळा माणसं उभी असतात. नीलिमाचा पाय पन्नास-साठ आवर्तनं नीट चालायचा. मग सुरावट रंगात आली, तिचं भान गेलं, की पाय हळूच समेवर. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

"यू ऑन द वन अगेन, लाह," डेस्मंड म्हणायचा. घरी तिची सोळा वर्षांची गार्गी अभ्यासातून मान वर न करता तेच म्हणायची, "आई, ऑन द वन अगेन." फ्लॅटमध्ये ड्रम वाजवायची सोय नाही, खालच्या मजल्यावरून लगेच तक्रार येते. म्हणून ती रबराच्या तुकड्यावर वाजवायची. सकाळी एमआरटीत उभ्याउभ्या टाच आपटत दोन-चार, दोन-चार मोजत जायची. संजीव मला म्हणाला, "काका, झोपेतसुद्धा पाय हलतो तिचा." त्याला कौतुक होतं. मला वाटलं, आता रडवेली होऊन परत येईल, आणि खोटं कशाला सांगू, मी त्याची वाट बघत होतो.

एका शनिवारी भजन रद्द झालं. नवा तबलजी, कोणी संगणकवाला तरुण, ऐन वेळी आला नाही. मी तणतणत क्लबात गेलो, हिला दोन शब्द सुनवायला. मधल्या सुट्टीत डेस्मंड आणि ती शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी म्हणजे इथली कॉफी पीत बसले होते. मलाही बसवलं. मी म्हटलं, हे तुमचं साहेबी संगीत आमच्या मुलीचा हात बिघडवतंय.

डेस्मंड रागावला नाही. त्याने कप बाजूला सारला आणि बोलायला लागला. साहेबी कुठलं? अमेरिकेत ज्यांना गुलाम म्हणून नेलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी हे घडवलं. कष्टाची गाणी, चर्चमधली गाणी, नाचाचे ठेके, सगळं त्यात आलं. एकोणीसशे तीसच्या सुमाराला मंदी होती, हाताला काम नव्हतं, पण नाचाचे हॉल गच्च भरायचे, कारण थोड्या पैशांत दोन तास दुःख विसरता यायचं. रेडिओने ते घरोघर नेलं. गोऱ्यांचे बँड तेच वाजवून जास्त नाव कमावून गेले, हेही त्याने सांगितलं. मग युद्ध आलं, वाजवणारे सैन्यात गेले, एवढे मोठे बँड पोसणं कोणाला परवडेना, आणि लाट ओसरली. पण तोवर ते बोटींवरून जगभर पोचलं होतं. इथल्या करमणुकीच्या बागांतल्या नाचघरांत फिलिपिनो वादक वाजवायचे. त्यांच्यात त्याचे वडील ट्रम्पेट वाजवायचे.

"आणि तुमच्या बॉम्बेत," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मोठ्या हॉटेलांत. गोव्याची माणसं. संध्याकाळी हॉटेलात स्विंग, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. यू ग्रू अप ऑन इट, अंकल."

मी घरी येताना मनातल्या मनात जुनी सिनेमाची गाणी म्हणून बघितली. बालपणी रेडिओवर ऐकलेली, आईने गुणगुणलेली. माझ्या टाचेने दोन-तीन गाण्यांत नको तिथे जोर दिला. म्हातारा खरं बोलत होता. मला त्याचाही राग आला.

जूनचा तो रविवार उजाडला. सकाळी अकराचा कार्यक्रम. नीलिमाने इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलावणं टाकलं होतं, आणि आपली माणसं वाईट नाहीत, नव्वदेक जण आले. साड्या नेसून, मुलाबाळांना घेऊन. दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये पुढच्या पाच रांगा आमच्याच. मी पहिल्या रांगेत मधोमध, एका बाजूला संजीव, दुसऱ्या बाजूला अरुणा. आमच्या पाच रांगांच्या मागे वुडलँड्सचा शाळामास्तर बसला होता, मांडीवर काठ्यांची पिशवी घेऊन. सभ्य माणूस होता. नीलिमाने त्याला वाकून नमस्कार केला.

पहिली चीज नीट झाली. काळ्या शर्टात नीलिमा ओळखू येत नव्हती. पाठ ताठ, नजर डेस्मंडवर, डावा पाय दोन-चार, दोन-चार. मला एकाएकी तिचा अभिमान वाटला. चौदा वर्षं माझ्या उजव्या हाताला बसलेली पोर वर बसून सोळा माणसं हाकत होती. दुसरी चीज जलद होती, रंगतदार होती. मला राहवलं नाही. तिला जोर यावा म्हणून मी टाळी धरली.

आता भजनात काय होतं, पुढे बसलेल्याने टाळी धरली की मागचे सगळे धरतात. चौदा वर्षांची सवय आहे ती. नव्वद माणसांनी मायेने, दणदणीत, माझ्यामागे टाळी धरली. समेवर.

बँड लंगडला. एका बाजूला तिच्या झांजा, दुसऱ्या बाजूला नव्वद जणांच्या टाळ्या. ट्रम्पेटवाले लवकर आले, सॅक्सोफोनच्या रांगेतल्या एका बाईने वाद्य तोंडापासून काढून इकडेतिकडे बघितलं. डेस्मंड वळला आणि नीलिमाकडे बघत राहिला. मागे शाळामास्तर खुर्चीत पुढे सरकला. मला कळायला अख्खं आवर्तन लागलं, आणि कळलं तेव्हा हात थांबवायचंही सुचेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिने तक्रार कोणाकडे करायची?

तिला सोपा रस्ता होता. पाय समेवर आणायचा, टाळीला जाऊन मिळायचं. आमच्या पाच रांगा खूश झाल्या असत्या, कोणाला काही समजलं नसतं. तिचा पाय हलला नाही. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, पण चक्क, चक्क, दोन आणि चार. तिने डाव्या हातातली काठी मांडीवर ठेवली. उजवा हात चालूच. डावा हात उचलून तिने माझ्याकडे बघितलं, फक्त माझ्याकडे, आणि पहिल्या मात्रेवर तळवा उलटा करून हवेत बाजूला नेला. दुसऱ्या मात्रेवर मांडीवर थाप मारली. पुन्हा तळवा बाजूला. पुन्हा थाप.

ती खाली दाखवत होती. तालात जिथे टाळी द्यायची नसते, हात नुसता रिकामा फिरवायचा असतो, ती खाली. आपल्यातलं तबल्याच्या क्लासला गेलेलं पोरसुद्धा ते ओळखतं. तिने समेलाच खाली केलं होतं. आमचं घर तिने रिकामं ठेवायला सांगितलं, आणि टाळी नंतर.

मी हात उलटा केला. खाली, टाळी, खाली, टाळी. सुरुवातीला चुकलो. संजीवने माझ्याकडे बघून केलं, अरुणाने केलं, मग मागची रांग, मग तिच्या मागची. सहा-सात आवर्तनांत नव्वद हात एकदम हवेत उलटे होऊ लागले आणि दोन-चारला टाळीवर येऊ लागले. आमच्या मागे बसलेले चिनी आजी-आजोबा हा कुठला नाच म्हणून बघून हसले आणि तेही करायला लागले. सॅक्सोफोनवाल्या बाईने वाद्य परत ओठांना लावलं. नीलिमाने काठी उचलली. मग बँड जो उचलला गेला, त्याचं वर्णन मला जमणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं एवढं सांगतो.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही व्यासपीठाजवळ गेलो. डेस्मंड झांजांचे स्टँड आवरायला तिला मदत करत होता. तो हात हवेत उलटा करून बघत होता. "साठ वर्षं मी लोकांना दोन आणि चार सांगतोय," तो म्हणाला, "एकवर हाताचं काय करायचं, ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं." मग सहज, सामान उचलता उचलता, "नीलिमा, सॅटर्डे फोर ओक्लॉक. डोन्ट लेट, हां." शाळामास्तराने येऊन तिचा हात हातात घेतला आणि पिशवी खांद्याला लावून तो निघून गेला. ट्रम्पेटवाल्यांनी, सॅक्सोफोनवाल्या बाईने तिला नावाने हाका मारून निरोप घेतला, जीभ अडखळत का होईना.

मी वाट बघत उभा होतो. माफी मागायची होती, पण माझ्या पिढीच्या माणसांना ती मागता येत नाही. म्हणून मी म्हटलं, "भजन आता रविवारी ठेवतो. तू येशील का?"

ती काठ्या पुसत होती. थांबली.

"काका, चौदा वर्षं तुम्ही तबला काढून ठेवायचात आणि मी येऊन बसायचे," ती म्हणाली. "येशील का, हे आज पहिल्यांदा विचारलंत."

तिने काठ्या पिशवीत घातल्या, पिशवीचा बंद ओढला आणि माझ्याकडे बघितलं.

"येईन," ती म्हणाली. "पण दर वेळी विचारायचं."