कोनाले समजते?

आमच्या कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्रं मांडण्याआधी, ते वाचनालय सांभाळणारे हमीदभाऊ त्यातलं प्रत्येक ‘असे समजते’ तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करत. नागपूरचा पेपर चांद्याला दुसऱ्या दिवशी यायचा, रेघा मारून होईपर्यंत आमच्या हाती तिसऱ्या दिवशी पडायचा. कोणी कुरकुर केली की म्हणत, “बातमी शिळी चालते रे. कच्ची नोको.” पुढचा प्रश्नही ठरलेला: “समजते म्हंजे कोनाले समजते? नाव सांग.” इंग्रजीचे प्राध्यापक त्यांना अर्धवट म्हणत, पण पेपर उघडला की आधी तांबडी रेघ शोधत.

मी तेव्हा बी.ए.ला होतो आणि एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. बातमीखाली नाव छापून यायचं, तोच पगार. त्या उन्हाळ्यात मोटार स्टँडवर एका ड्रायव्हरने सांगितलं म्हणून मी लिहून पाठवलं, ‘धानोऱ्याकडील एका गावात लोकांनी जंगल पेटवून दिले, असे समजते.’ बातमी छापून आली, जंगल खात्याची चौकशी लागली आणि ती संपेपर्यंत त्या गावाला मोहफुलं वेचायला मनाई झाली. आपल्या लेखणीत दम आहे, असं मला वाटलं. विद्यार्थी मंडळाने माझ्या अभिनंदनाचा आणि गावाच्या निषेधाचा असे दोन ठराव तयार केले.

हमीदभाऊंनी तो अंक माझ्यापुढे ठेवला.

“काऊन रिपोर्टर, तूनं पाह्यलं?”

“लोकं सांगून राह्यले, भाऊ.”

“लोकायले डोये किती असते? दोन-दोनच ना? मंग तुये दोन घेऊन चाल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने धानोऱ्याला गेलो, तिथून पुढे पायी. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली अंगणाएवढी जागा काळी झाली होती. फुलं गळण्याआधी खालचा पालापाचोळा जाळून घेतात, म्हणजे पडलेलं फूल नजरेस येतं. प्रत्येक मोहाखाली तेवढंच जळलेलं होतं. बाकी जंगल जागच्या जागी होतं. मनाईमुळे फुलं मात्र तिथेच सडत पडली होती.

झाडाशी एक म्हातारी गोंड बाई बसली होती. हमीदभाऊंनी मला माझी बातमी तिला वाचून दाखवायला लावली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, “तू कधी आलता बाबू? मले तं दिसला नाई.”

मी अंकाची घडी घातली.

परतल्यावर मी मंडळाच्या सभेत उभा राहून दोन्ही ठराव मागे घ्यायला लावले आणि साप्ताहिकाकडे खुलासा पाठवला. तो तीन आठवड्यांनी, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली चार ओळींत आला. मनाई उठली. तोवर मोहाचा हंगाम संपला होता.

वर्षअखेरीस हमीदभाऊ सगळ्या अंकांची जिल्द बांधत. मी हळूच म्हटलं, “भाऊ, तेवढा एक अंक काढून टाका ना.”

त्यांनी सुईत दोरा ओवला. “त्यायचे फुलं गेले, बाबू. तुयं पान राहू दे.”