ग्राफवरचा हरबा

आंधळगावात कोशाचं रेशमी कापड विणणारा मोतीलाल शाळेत गेला तो दोनच वर्षं. नवव्या वर्षी बापाच्या मागाजवळ कांड्या भरायला बसला, तो बसलाच. तरी आज तो रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो, ते केशवरावांच्या कृपेनं. केशवराव शेजारी राहायचे, पोस्टात होते. भंडाऱ्याहून येताना ते ‘हरबा लाठीवाला’ या चित्रकथेचं पातळसं पुस्तक आणायचे आणि अंगणात बसून छोट्या मोतीलालला वाचून दाखवायचे. नेमकं गुंडांनी हरबाला घेरलं, की पुस्तक पोराच्या मांडीवर टाकून म्हणायचे, “आता पुढचं तू वाच. नाही तर मरू दे त्याले.”

हरबाला मरू देणं शक्यच नव्हतं. एकेक अक्षर लावत मोतीलाल वाचायला शिकला.

याला चाळीसेक वर्षं उलटली. आता काचबिंदूनं केशवरावांचा एक डोळा गेला होता, दुसराही जाणार असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्याच सुमारास मोतीलालच्या मुलीनं, तेजस्विनीनं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधल्यासारखं दांडी-बटणांचं खेळाचं मशीन करायला घेतलं. लहानपणापासून बापाच्या तोंडून हरबा ऐकलेला, म्हणून खेळही हरबाचाच. बाजारातून चालत जायचं आणि आडवा येईल त्याला लाठीनं लोळवायचं. मोतीलालनं मनाशी एकच धरलं: केशवकाकांची नजर आहे तोवर हरबा त्यांना दिसला पाहिजे.

पण पुस्तक एकही उरलं नव्हतं, आणि तेजूनं ऐकीव माहितीवर काढलेला हरबा तणसाच्या पेंढीसारखा दिसे.

“एकेक चौकोन भरून माणूस करा लागते बाबा,” ती वैतागून म्हणाली. “सोपं नाही ते.”

“मंग आम्ही जनमभर काय करून राहिलो वो?”

मोतीलालनं साडीची नक्षी चौकोन भरून काढायचा ग्राफपेपर घेतला, पेन्सिलला टोक केलं आणि तीन दिवस जेवायच्या हाकाही ऐकल्या नाहीत. चौथ्या दिवशी तेजूनं कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“बाबा, हा अर्धाच माणूस हाये! एक डोळा, एक हात, एक पाय!”

“अर्धाच काढा लागते. बाकीचा मागावर आपोआप येते.”

काठावरचा मोर असो की कमळ, त्यानं जन्मभर अर्धंच काढलेलं. उरलेलं अर्धं माग उलटवून घेतो. तेजूनं गंमत म्हणून कॉम्प्युटरवर तेच केलं. पडद्यावर दोन हातांत दोन लाठ्या घेतलेला, पाय फाकवलेला हरबा खेकड्यासारखा उभा राहिला. बापलेक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग मोतीलालनं नव्यानं पूर्ण हरबा काढला, पुस्तकातल्यासारखं डाव्या खांद्यावर घोंगडं टाकलेला: चालणारा, मारणारा, पडून उठणारा.

मशीन घरी आलं तेव्हा केशवरावांना खुर्चीसकट उचलून आणलं.

“जय भीम, काका. पाहा, कोण आला!”

केशवराव पडद्याला नाक लावून बसले. मग हळूच म्हणाले, “मोत्या, नुसता रंग हालून राहिला रे. माणूस नाही दिसत.”

मोतीलालचा चेहरा उतरला. तो मागे सरकला आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत राहिला. तेजूनं हरबाच्या पाठीमागचा बाजार हौसेनं रंगवला होता, लाल, पिवळा, जांभळा. फसलेल्या साडीकडे पाहावं तसं त्यानं पाहिलं.

“तेजू, हे मागची जमीन लय भडक झाली. फिकी कर, अगदी कोऱ्या कोशासारखी. अन् हरबाले गडद कर. साडीवरचा बुटा जमिनीवर उठते, तसा उठला पाहिजे.”

“मेहनतीनं काढला ना बाबा बाजार!”

“काढला तसाच पुस. काकाले नाही दिसला, तर कोणाच्या कामाचा?”

तिनं अर्ध्या तासात बाजार पुसला. रिकाम्या, फिक्या पडद्यावर काळाभोर हरबा लाठी टेकून उभा राहिला.

केशवरावांचा हात काचेवर गेला. “घोंगडं... डाव्याच खांद्यावर. अरे, हा तर आपला हरबा!” ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी दांडी पकडली. हरबा उलटाच चालायला लागला.

मोतीलाल त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसला. इतक्या वर्षांत न बोललेलं आज बोलून टाकावं असं त्याला वाटलं.

“काका, तुम्ही नसते, तर मले साधं माझं नावही—”

“गप राय जरा,” केशवराव बटण बडवत म्हणाले, “गुंड येऊन राहिले!”