दरवानबाईंच्या घरची किल्ली

आमच्या ऑफिसात त्यांना तोंडावर बाई आणि पाठीमागे दरवानबाई म्हणत. हे नाव बहुधा मीच पाडलं असावं, कारण त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा अडवलं ते मला. आमची कंपनी शहराच्या पाण्याचं सॉफ्टवेअर सांभाळते. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, सगळं क्लाउडवर जोडलेलं. बसल्या जागी एक बटण दाबलं की एखाद्या वस्तीचं पाणी सुरू होतं, दुसरं दाबलं की बंद. हे बटण कोणाला दिसावं, कोणाला दाबता यावं आणि कोणाला त्याचा पत्ताही नसावा, हे ठरवणं म्हणजे बाईंची नोकरी.

परवानग्यांची मूळ नावं लांबलचक होती, ती कोणी वापरत नसे. ज्याला नुसतं पाहता येतं तो बघ्या. ज्याला बदल करता येतात तो हातवाला. आणि ज्याला इतरांना परवानग्या देता येतात तो मालक. मालक दोघेच, बाई आणि साहेब. त्यातल्या साहेबांना स्वतःचा पासवर्ड कधी आठवत नसे.

मी बरीच वर्षं बघ्या होतो. ‘आता तरी हातवाला करा’ म्हणून मागे लागलो की बाई चष्म्यावरून बघत विचारत, “काम काय आहे?” काम सांगितलं की तेवढ्यापुरती परवानगी मिळे आणि संध्याकाळी आपोआप गळून पडे. मी धुसफुसायचो. “माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“आहे की,” त्या म्हणायच्या. “म्हणून तर बघू देते.”

ठरावीक काळाने त्या झाडलोट करत. ज्याने तीन महिन्यांत आपली परवानगी वापरली नाही, त्याची काढून टाकायची. विचारायचं नाही, सांगायचं नाही. कारण विचारलं की कोणीच ‘नको’ म्हणत नाही, असा त्यांचा अनुभव. माझा त्यांच्यावर राग होता, पण हे मला पटायचं.

एकदा मात्र ही झाडलोट अंगाशी आली. एक खातं निपचित पडलं होतं, बाईंनी ते उडवलं. ते निघालं टाक्या धुणाऱ्या ठेकेदाराचं. तो वर्षातून एकदाच येई, व्हॉल्व्ह बंद करी, टाकी धुऊन जाई. त्या वर्षी त्याची माणसं गमबूट घालून, शिडी लावून तयार, आणि पाणी काही बंद होईना. पाणी नसणार म्हणून लोक आदल्या दिवशीच बादल्या भरून बसलेले. बाई नेमक्या रजेवर, फोन बंद. वडिलांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. साहेब पासवर्ड आठवत बसले. दुपारी बाई आल्या, मिनिटभरात परवानगी दिली, तोवर माणसं निघून गेली होती. बाईंनी गुमान बोलणी खाल्ली. मग आपल्या नियमात एक भर घातली: काढून टाकण्याआधी त्या माणसालाच विचारायचं, ही तुम्हाला कशाला लागते?

वडिलांना डॉक्टरांकडे नेलं होतं, कारण ते विसरायला लागले होते. घरात ही दोघंच. थोरला भाऊ परगावी, तिथून तो फोनवर घर चालवायचा. त्याच्या सांगण्यावरून बाईंनी ऑफिसला निघताना गॅस खालून बंद करायला सुरुवात केली. बाईंच्या तोंडून ऑफिसच्या गमती रोज ऐकणारे वडील तेव्हा म्हणाले होते, “म्हणजे स्वयंपाकघरात मी आता बघ्या.” हे सांगताना बाई हसल्या आणि लगेच डबा बंद करून उठल्या.

भावाचा पुढचा फोन मी कानांनी ऐकला, कारण बाई जेवताना फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवत. त्यांच्या दाराचं कुलूप आतूनसुद्धा किल्लीनेच उघडायचं, आणि एक किल्ली वडिलांच्या खिशात असे.

“ती काढून घे त्यांच्याकडून,” भाऊ म्हणाला. “जाताना कुलूप लावून जायचं. तीन महिन्यांत एकदा तरी पडलेत का ते बाहेर?”

“नाही, दादा.”

“मग कशाला हवीय किल्ली? उद्या रस्ता चुकले तर कुठं शोधत बसणारेस?”

भावाचं चुकत होतं असं नाही. रस्ता न आठवणारा म्हातारा आणि खाली वाहता रस्ता, कोणीही किल्ली काढूनच घेईल. पण किल्ली घेतली की आपला बाप दिवसभर कोंडलेला, हेही बाईंना दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी चार जणांना चुकीच्या परवानग्या दिल्या. त्यातला एक मी. मी प्रामाणिकपणे परत केली, यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही.

सोमवारी जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं. “काल विचारलं बाबांना. म्हटलं, ही किल्ली तुम्हाला कशाला लागते?”

“मग?”

“म्हणाले, मला कुठं जायचंय आता? पण तू दमून येतेस. दार उघडायला कोणीतरी नको का घरात?”

बाईंनी भावाला कळवलं, किल्ली राहील. काही झालं तर तू जबाबदार, असं तो म्हणाला. मीच, असं त्या म्हणाल्या. तळमजल्यावरच्या शिंप्याला त्यांनी जिन्यावर लक्ष ठेवायला सांगितलं.

पुढे काही महिन्यांनी त्यांना घरून काम करायची मुभा मिळाली. त्यांचा मॉनिटर पोचवायला मी सोबत गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचल्यावर बाईंनी बेल वाजवली आणि उभ्या राहिल्या. माझे हात भरून आले होते.

“किल्ली नाही का तुमच्याकडे?”

“आहे. पण रोज तेच उघडतात.”

आतून सपाता घासत आल्याचा आवाज आला आणि दारापाशी थांबला.

“कोण आहे?”

“मी आहे, बाबा.”

“मी म्हणजे कोण?”

बाईंनी आपलं नाव सांगितलं.

“ती ऑफिसात आहे,” आतला आवाज अगदी ठाम होता. “ती आल्याशिवाय मी कोणाला दार उघडत नाही.”

बाईंचा हात पर्समध्ये गेला. किल्ली वाजलेली मला ऐकू आली. मग हात रिकामाच बाहेर आला. इतकी वर्षं त्यांच्यावर चिडण्यात घालवल्याची मला लाज वाटली.

“बरोबर आहे तुमचं,” त्या बंद दाराला म्हणाल्या. “येईल ती एवढ्यात. तोवर मी इथं थांबते.”

आणि त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.