पान सोडून जाणारी मुलं

लातूरच्या त्या क्लासमध्ये सोमवारी सकाळी मार असायचा. सर वर्गात यायचे ते एका हातात टॅब आणि दुसऱ्या हातात नळाच्या पाइपाचा तुकडा घेऊन. पहिला फटका पोटरीवर बसायचा. पोरं ओरडायची नाहीत. ओरडलं की दुसरा बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर असायचो. मधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे सगळं ऐकू यायचं.

तेव्हा मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव भोकर तालुक्यातलं. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सुट्टीत हे काम मिळालं तेव्हा आई गावभर सांगत सुटली, पोरगं कंपनीत लागलं. कंपनी नाही, क्लास आहे, असं मी दोनदा सांगितलं आणि मग सोडून दिलं.

क्लासची मुलं रविवारी घरून वेबसाइटवर सराव परीक्षा देत. मध्येच गूगलवर उत्तरं शोधतात, असा सरांचा संशय. म्हणून मी वेबसाइटला एक छोटा प्रोग्राम जोडला. कोण कोणत्या प्रश्नावर किती वेळ थांबलं, परीक्षेचं पान सोडून कधी गेलं, कधी परत आलं, हे सगळं त्यात जमा व्हायचं. पान समोर असेल तोवर हिरवी पट्टी, सोडलं की लाल. लाल रंग सरांनी सांगितला होता.

आधी होस्टेलच्या मित्रांना परीक्षा द्यायला लावून पाहिलं. सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्यागार. प्रत्येकाकडे स्वतःचा फोन होता आणि खोलीला कडी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मग खऱ्या मुलांची माहिती यायला लागली आणि पडदा लालेलाल झाला.

"बघ, कशी पळून राहिली लेकाची!" सर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

ज्यांच्या पट्टीत लाल जास्त, ती मुलं सोमवारी उभी राहायची. पालकांची काही तक्रार नव्हती. "सोलून काढा सर, पण डॉक्टर करा," असं एक आई फीच्या खिडकीजवळ हसत म्हणाली होती.

सगळ्यात तुकडे तुकडे झालेली पट्टी बारावीतल्या एका मुलाची असायची. तो अहमदपूरचा. आठवडाभर लातुरात खोली करून राहायचा, तिथे फोन ठेवायला क्लासची बंदी. रविवारी घरी जाऊन परीक्षा द्यायचा आणि सोमवारच्या पहिल्या एसटीनं मार खायला हजर व्हायचा. एकदा पाइप मनगटाच्या हाडावर बसला. हात भाकरीसारखा फुगला. त्या दिवशी त्यानं डाव्या हातानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"दादा, ते लाल तुम्हीच करता ना?"

"मी नाही करत. आपोआप होतं."

"मग आपोआप हिरवं होत न्हाई का?" असं म्हणून तोच हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "सरांनी पप्पांना बोलावलंय. सर मारतात ते काईच न्हाई हो. पप्पांनी मागच्या टायमाला बादली घातली होती डोक्यात. आई मधे पडली, तर तिला बी. आता चोरी म्हणून कळलं की क्लास बंद करून बोअरच्या गाडीवर कामाला घालतील मला."

"मग पान सोडून जातोस कशाला?"

"न्हाई सांगता येत," म्हणाला आणि गेला.

मी त्याच्या सगळ्या परीक्षा उघडून बसलो. सरांना न विचारता असं कुणाचं तपासायचं मला धाडस नव्हतं, पण ती बादली डोक्यातून जाईना. बघता बघता एक गोष्ट दिसली. तो पान सोडून जायचा, परत यायचा, पण त्याचं उत्तर बदललेलं नसायचं. चुकलेलं उत्तर परत आल्यावरही चुकलेलंच. उत्तर शोधायला गेलेलं पोरगं चुकीचं उत्तर घेऊन कशाला येईल? मग मी माझ्या फोनवर परीक्षा लावली आणि क्लासच्या शिपायाला मला कॉल करायला सांगितलं. कॉल उचलला, आणि पट्टी लाल झाली.

मी सरांकडे गेलो. "सर, मला खात्री नाही, पण त्या मुलाचं..."

"तू कॉम्प्युटर बघ. पोरं मी बघतो."

मी परत येऊन बसलो.

त्या मुलाचे वडील आले तेव्हा मी सरांच्या केबिनमध्येच होतो, कारण पट्टी मलाच दाखवायची होती. अंगानं थोराड माणूस, बोअर पाडायच्या गाडीचा एजंट. मुलगा कपाटाला टेकून उभा. सरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"लाल म्हंजे काय, सर?"

"लाल म्हणजे चोरी."

वडिलांची उलट्या हाताची एकच बसली आणि मुलाचं डोकं कपाटावर आपटलं. तो खाली पडल्यावर त्यांनी लाथा घालायला सुरुवात केली, बरगडीत, पाठीत. मुलानं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. सर खुर्चीतून म्हणाले, "इथं नको, बाहेर न्या."

मी काहीतरी बोललो, ते मलाच ऐकू आलं नाही. मग मी मधे शिरलो. एक लाथ माझ्या नडगीवर बसली आणि त्या कळेनं माझा आवाज मोकळा झाला.

"काका, परीक्षेला फोन कुणाचा असतो?"

"माझा. का?"

"रविवारी तुम्हाला फोन येतात?"

"येडा हाय का तू? बोअरवाल्याला फोन न्हाई तर काय पत्रं येतील?"

मी त्यांचा फोन मागितला. त्यावर परीक्षेचं पान उघडून टेबलावर ठेवला आणि माझ्या फोनवरून कॉल लावला. घंटी वाजताच सवयीनं त्यांनी तो उचलून कानाला लावला. "हां, बोला."

पडद्यावर पट्टी लाल झाली.

"हे लाल तुम्ही केलं, काका," मी म्हणालो.

फोन कानालाच धरून ते पट्टीकडे बघत राहिले. सर म्हणाले, "कशानं का होईना, पान सोडलं म्हणजे सोडलं."

"सांगितलं का न्हाईस?" वडिलांनी मुलाला विचारलं.

तो जमिनीवरूनच बोलला. "पेपर चालू हाय म्हणलं, तर पायातली काढली होती तुम्ही."

त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं. तेव्हा त्यांना सुजलेलं मनगट दिसलं. "हे म्या न्हाई केलं. कुणी केलं?"

मुलाची नजर कोपऱ्यातल्या पाइपाकडे गेली.

पुढचं फार भराभर झालं. त्यांनी सरांना कॉलरला धरून टेबलावरून ओढलं. चष्मा पायाखाली फुटला. पाइप खांद्यावर बसला, पाठीवर बसला, सरांच्या नाकातलं रक्त कीबोर्डवर सांडलं. मी आणि धावत आलेला शिपाई वडिलांना मागे खेचत होतो, आणि ज्यानं आताच लाथा खाल्ल्या होत्या तो मुलगा त्यांच्या कमरेला लोंबकळून ओरडत होता, "पप्पा, सोडा! क्लासातनं नाव काढतील माझं!"

नाव काढलंच. क्लासची बदनामी नको म्हणून सर पोलिसांत गेले नाहीत, पण मुलाला त्याच दिवशी घालवलं.

मी पान सोडल्याची नोंद बंद केली आणि दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. "सर, पान सोडलं एवढंच यात कळतं. का सोडलं ते कळत नाही."

त्यांच्या नाकावर बँडेज होतं. ते चिडले नाहीत. खरंच अडचण आल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग सोमवारी मी उभं कुणाला करू?"

त्याच आठवड्यात मी काम सोडून नांदेडला परतलो.

नंतर एकदा दुपारी त्या मुलाचा फोन आला. अहमदपुरातच एका अभ्यासिकेत बसतो म्हणाला. वडिलांनी बोअरच्या गाडीवर घातलं नव्हतं. मोबाइलवरच्या सराव परीक्षेच्या वेळी वडील फोन त्याच्याकडे ठेवून स्वतः चौकात जाऊन बसतात, गिऱ्हाइकांना तिथल्या टपरीवाल्याचा नंबर दिलाय.

मी घाबरत विचारलं, "आता मारतात का रे?"

"मारतात की," तो म्हणाला. "पण पेपर चालू असला की न्हाई."