ओढून न पाहिलेली चांदणी

आधी भोसरीत आणि मग चाकणला, अशी अठ्ठावीस वर्षं मी एकच काम केलं: दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तू नापास करणं. क्वालिटीचा माणूस म्हणजे कंपनीतली सासू. मी मशीनपाशी पोचायच्या आत पोरं एकमेकांना खुणवायची, "आले, राव, आले!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

बायको आजारी पडली तेव्हा मी व्हीआरएस घेतली. गेल्या एप्रिलमध्ये ती गेली. काळेवाडीच्या दोन खोल्यांत मी आणि टीव्ही उरलो. डिसेंबरात मुलगी दहा महिन्यांच्या नातीला घेऊन नाताळाला आली. जानेवारीत मुलीला हिंजवडीत कामावर हजर व्हायचं होतं. त्यानंतर नात दिवसभर माझ्याकडे राहणार की वाकडच्या पाळणाघरात, हे अजून ठरायचं होतं. मी मनातल्या मनात तिचा पाळणा कुठे बांधायचा तेही ठरवून टाकलं होतं.

"पपा, यंदा झाड नको," मुलगी म्हणाली. "ही दिसेल ते तोंडात घालते."

"अगं, गाड्यांचे हजारो ब्रेक पास केलेला माणूस आहे मी. एक झाड नाही सांभाळणार?"

"ब्रेक तोंडात जात नाही, पपा."

मग मी माझा प्रयोग लावला. प्लंबरकडून पावणेदोन इंची पाइपचा तुकडा आणला. यातून जी वस्तू आरपार पडेल ती बाळाच्या घशात अडकू शकते, म्हणून नापास. जी पडणार नाही तिला दुसरी परीक्षा: दोन्ही हातांनी जोरात ओढायचं. तुटली, सुटली, नापास. जमिनीवर चादर अंथरली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि नाताळच्या सजावटीचा खोका उघडला. नात पुढ्यात बसून प्रत्येक निकालाला टाळ्या वाजवत होती. असा प्रेक्षक मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

घुंगरं गेली. काचेचे गोळे गेले. गव्हाणीतले मेंढपाळ पाइपमधून सटासट खाली पडले. "अहो, मेंढ्या तरी ठेवा," मुलगी हसत म्हणाली. मी एकही ठेवली नाही. प्लास्टिकचं झाड तारेनं खिडकीच्या जाळीला आवळलं, दिव्यांची वायर कपाटामागून नेली. खालच्या फांद्यांवर फक्त कापडी मोजे आणि लोकरीचे गोंडे.

खोक्याच्या तळाशी मण्यांची चांदणी होती. ती बायकोनं आदल्या वर्षीच्या नाताळात केली होती, येणाऱ्या नातवंडासाठी. तेव्हा तिच्या बोटांतली शक्ती गेली होती. सुईत दोरा मी ओवून द्यायचो, गाठ मात्र ती कुणाला मारू द्यायची नाही. शेवटची गाठ मारायला तिला अख्खी दुपार लागली होती.

चांदणी तळहाताएवढी, पाइपमधून जाण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या परीक्षेत पास. दुसरीसाठी मी तिची दोन टोकं धरली. धरून बसलो. मुलगी स्वयंपाकघरातून विचारत होती, "झालं का, पपा?"

"झालं," मी म्हणालो. "सगळं तपासलं."

न ओढताच ती सगळ्यात वरच्या फांदीवर टांगली. न तपासता ओके मारलं म्हणून मी एकदा एका चांगल्या पोराला लायनीवर सगळ्यांसमोर रडवलं होतं.

वर टांगली म्हणजे नातीचा हात पोचणार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला उचलून घेतलं. माझं नाटक सुरू झालं. "ही बघ चांदणी! कुणी केली? आजीनं केली! कुणासाठी?" तिनं झडप घातली आणि ओढली. जे मी करायला हवं होतं ते तिनं केलं. दोरा तुटला, मणी टपटप फरशीवर उडाले. मी मण्यांकडे बघत राहिलो, आणि नात खोकायला लागली.

मुलगी धावत आली. तिनं लेकीला माझ्या हातातून हिसकावलं, हातावर पालथं घातलं, पाठीत थापा मारल्या. एक निळा मणी बाहेर पडला. मग नातीनं जे भोकाड पसरलं, त्याच्याइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

नात शांत झाल्यावर मुलगी म्हणाली, "ओढून बघितली नव्हती ना?"

"नाही."

"मम्मीची होती म्हणून?"

मी मान डोलावली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ फरशीवर बसून मणी वेचू लागली. "मला पण ओढवली नसती, पपा," ती म्हणाली. मग डोळे पुसून, अगदी हळू: "म्हणूनच हिला इथे नाही ठेवता येणार. इथे सगळंच मम्मीचं आहे."

मी वाद घातला नाही. तिच्या जागी मी असतो तर हाच निकाल दिला असता.

जानेवारीत मी वाकडच्या पाळणाघरात सोबत गेलो. खिडक्यांना जाळ्या, सॉकेटला झाकणं, खेळणी मोठी, धुतलेली. मी वाकून गादीखालीसुद्धा बघितलं. नापास करायला काही सापडेना. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, आता निघा. तुम्ही दिसलात की ती रडेल." मी दाराआड अर्धा तास उभा राहिलो. आतून तिचा हसण्याचा आवाज येत होता.