लेकीचा वाटा ऑन एअर

रेडिओ स्टेशन चालवायला काय काय लागतं असं कुणी विचारलं, की मी ट्रान्समीटर, माईक, वीज अशी नावं घेते. खरं तर लागतात ती माणसं, आणि माणसं आली की किस्से मागोमाग येतातच. आमची रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क सारखी भरते, मग जुनं काहीतरी पुसावं लागतं. किस्से काही पुसता येत नाहीत. चहाला चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "बाई, ते भुताचं सांगा ना!" म्हणून म्हटलं, एकदा सगळे ओळीनं सांगून टाकू.

आमचं स्टेशन कर्जतला, एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर. आवाज भिवपुरीला खणखणीत जातो, चौक गावाला बऱ्यापैकी पोचतो आणि खालापूरला त्याच्या मर्जीनं. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. इथं मी कार्यक्रम ठरवते आणि चिडते. बबन मशीन सांभाळतो. आणि कुंदा बोलते.

कुंदा भिवपुरीजवळच्या शेतकरी घरातली, कर्जतला दिलेली. तिचा 'बांधावरच्या गप्पा' हा कार्यक्रम म्हणजे आमचा जीव. दर गुरुवारी एक अभ्यासक, एक गावातलं माणूस आणि मधे कुंदा. गेल्या हिवाळ्यात आम्ही विषय घेतला, वडिलांच्या जमिनीतला लेकीचा वाटा.

आमच्याकडे रीत अशी. वडील गेले, सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागली, की भाऊ गाडी करतो आणि बहिणींना रजिस्टर ऑफिसात नेतो. त्या हक्कसोडपत्रावर सह्या करतात. मग सगळे मिळून हॉटेलात जेवतात, बहिणींना साडी मिळते आणि सगळं हसतखेळत पार पडतं. हल्ली फार्महाऊसवाल्यांमुळे जमिनीला भाव आलाय, त्यामुळे अशा गाड्या फार धावतात.

अशीच एक गाडी कुंदाचीही वाट बघत होती. भातकापणी झाल्यापासून तिचा धाकटा भाऊ दत्ता सहीसाठी विचारत होता. थोरली सुमनताई आणि धाकटी रंजना तयार होत्या, अडलं होतं कुंदापाशी. हे आम्हाला माहीत होतं, श्रोत्यांना नाही. तिनं मला पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, सगळ्यांना बोलतं करीन. पन माजं घर यात आनायचं नाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

* * *

पहिला अडथळा कॉलेजच्या कमिटीचा. त्यातले एक सर फार गोड बोलतात. त्यांनी विषय ऐकला, मान डोलावली, उत्तम उत्तम म्हणाले आणि शेवटी हळूच पुस्ती जोडली की त्यापेक्षा सेंद्रिय शेती घेतली तर? सेंद्रिय शेती आमची इतक्यांदा घेऊन झाली होती की गांडूळखत म्हटलं की बबन झोपायचा. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंदा शांतपणे म्हणाली, "सर, शेतात काय लावायचं ते सांगून झालं. आता शेत कुनाचं ते बोलू."

कमिटीत सगळ्यांनी एकदम चहा मागवला. कार्यक्रम मंजूर झाला असं कुणी म्हणालं नाही, पण नामंजूर असंही कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे तेवढं पुरतं.

* * *

अभ्यासक म्हणून मुंबईहून प्राध्यापक मॅडम यायच्या. बाई हुशार, कायदा तोंडपाठ आणि गावोगाव फिरलेल्या. पण माईक समोर आला की त्यांच्या तोंडून 'पितृसत्ताक संपत्ती-हस्तांतरणाची संरचना' असलं काहीतरी निघायचं. कुंदानं उपाय काढला. घरून स्टीलची वाटी आणि चमचा आणला. जड शब्द आला की टण्‌कन वाजवायचा, मग मॅडमनी तो सोपा करून सांगायचा.

पहिल्या भागात वाटी इतकी वाजली की देवळात आरती चालली आहे असं वाटावं. मॅडमना राग येईल म्हणून मी धास्तावले होते. त्या मनापासून हसल्या, आणि पुढच्या खेपेला येताना पर्समधून स्वतःची वाटी घेऊन आल्या. कुंदा गावाकडचं काही बोलली आणि त्यांना कळलं नाही, की त्या वाजवायच्या.

भिवपुरीहून एकाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, ती वाटी सोडू नका. वाजली की आमची म्हातारी झोपेतनं उठून बसते, काय अवघड आलं म्हून इचारते." सामाजिक प्रश्नांबद्दल जागृती म्हणतात ती ही!

* * *

गावात जाऊन रेकॉर्डिंग करणं हा वेगळाच प्रकार. एका गावात बायका जमल्या, बबननं रेकॉर्डर चालू केला. एकेक बाई पदर सावरून सांगायला लागली. माझा भाऊ देवमाणूस हाय. आमच्यात असं काय नाय. भावानं सगळं केलं. रेकॉर्डर बंद झाला आणि चपला घालता घालता खरं सुरू झालं. परत चालू केला, की परत देवमाणूस. परतताना बबन म्हणाला, "बाई, भावांच्या कौतुकाचा एवढा माल जमलाय, भाऊबीजेला दिवसभर लावला तरी उरंल."

मी वैतागले होते. कुंदा वैतागली नाही. ती आठवडाभरानं पुन्हा त्याच गावात गेली, रेकॉर्डर पिशवीत ठेवला आणि बायकांबरोबर मोड आलेले वाल सोलत बसली. वाल सोलताना माणूस खोटं बोलत नाही असं तिचं मत आहे. तिथं एक बाई, आपण तिला काकू म्हणू, सोलता सोलता म्हणाली की सहीनंतर मिळालेली साडी तिनं अजून अंगाला लावलेली नाही. तशीच ट्रंकेत आहे. "नेसाया गेलं की टोचती."

कुंदानं विचारलं, हे रेडिओवर सांगाल का? काकू म्हणाल्या, सांगीन, पण नाव नको आणि आवाजही ओळखता कामा नये. मग रेकॉर्डर पिशवीतून बाहेर आला.

आवाज बदलायचं काम बबनचं. त्यानं कॉम्प्युटरवर बटणं दाबली आणि काकूंचा आवाज असा काही खोल आणि घोगरा केला की मी दचकले. तो म्हणाला, हाच बरा, कुणाचा बाप ओळखणार नाही. आमच्यात नियम आहे, बोलणाऱ्याला ऐकवल्याशिवाय काही लावायचं नाही. म्हणून आम्ही गावात नेऊन काकूंना ऐकवलं. पहिल्याच वाक्याला काकूंचा नातू रडत पळाला. काकूंनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग बबनकडे बघून म्हणाल्या, "मी नाव नको म्हनलं व्हतं रं. भूत कर म्हनलं नव्हतं."

शेवटी काकूंनी स्वतःच ठरवलं, ह्यापेक्षा माझाच आवाज लावा. तो लागला, आणि पहिल्या दोन शब्दांतच साऱ्या पंचक्रोशीनं काकूंना ओळखलं. आमची रेंजच एवढीशी की नाव लपवायचं ते कुणापासून? हे आधीच आमच्या लक्षात यायला हवं होतं. मी घाबरून त्यांना फोन केला. काकू म्हणाल्या, "वळकू दे. सकाळपासनं तिगी येऊन गेल्या, त्यांच्या बी ट्रंकेत हायत."

फोन ठेवता ठेवता त्यांनी कुंदाला द्यायला सांगितलं. तिला एवढंच विचारलं, "कुंदे, तू दिलीस का गं सई?"

कुंदा म्हणाली, नाही अजून. त्या दिवशी ती डबा न खाता घरी गेली. मला तिची फार काळजी वाटली, पण आमचं ठरलं होतं म्हणून मी विषय काढला नाही.

* * *

चौकच्या एका गॅरेजवाल्याला आमचा कार्यक्रम बिलकुल आवडत नव्हता. फोनवर भांडून समाधान होईना, तेव्हा तो स्वतःच जिना चढून आला. तुम्ही घरं फोडता, बहिणींना भडकवता, असं बरंच काही. मी म्हटलं, एवढ्या दूर आलात तर माईकवर बोला, आम्ही एक शब्द कापणार नाही. तो बसला आणि काय सांगू, सुंदर बोलला! रीतभात, नाती, बहिणीची माया. मॅडमसुद्धा मन लावून ऐकत होत्या.

बोलता बोलता त्याला चेव आला. "आनि आमच्या बायकोच्या भावांनी काय केलं? बापाची एवढी जमीन इकली, हिला एक गुंठा दिला नाय! ही काय लेक नव्हती त्यांची?"

मग कुंदानं चमचा उचलला आणि वाटी वाजवली. टण्‌.

गॅरेजवाला म्हणाला, यात अवघड शब्द कुठला होता? आम्ही कबूल केल्याप्रमाणे एक शब्द कापला नाही, वाटीसकट सगळं लावलं. त्याच्या बायकोचा आम्हाला फोन आला. तिला ते रेकॉर्डिंग मोबाईलवर हवं होतं.

* * *

आणि मग तो गुरुवार. मालिकेतला शेवटचा भाग, तोही लाईव्ह. गावातली पाहुणी म्हणून एक बाई नावानिशी बोलणार होती. पहिलीच! आम्ही सगळे त्या दिवसाकडे डोळे लावून बसलो होतो. कार्यक्रमाच्या थोडं आधी तिचा निरोप आला, घरातून सोडत नाहीत. मला रडू यायचं बाकी होतं. कुंदा म्हणाली, "बगू," आणि मॅडमना घेऊन आत गेली.

तेवढ्यात दारात दत्ता. काचेतून कुंदानं त्याला पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. रजिस्टर ऑफिसला जायचं होतं. कुंदानं त्याला येऊ नको म्हटलं नव्हतं, म्हणून तो आला होता. मी त्याला माझ्या खोलीत बसवलं, चहा दिला. तिथं भिंतीवर स्पीकर आहे, स्टेशनवर जे चालू असेल ते ऐकू येतं.

माणूस वाईट नाही हो दत्ता. खाली गाडीत सुमनताई आणि रंजना बसल्या होत्या. तो कौतुकानं म्हणाला, "गाडीत तुमचंच स्टेशन लावून दिलंय. कुंदाताईला ऐकत बसतील दोगी."

स्पीकरवर कुंदाचा आवाज आला. आजची पाहुणी येऊ शकली नाही, असं तिनं सांगितलं. मग थोडी थांबली.

"म्हनून आज पावनी मीच. माजं नाव कुंदा. आमी तिगी बहिनी, आमाला एक भाऊ. भाऊ गुनाचा हाय. दर वर्साला तांदूळ आनून देतो, मी आजारी व्हते तवा दवाखान्यात उशाशी बसला. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय. आज तो मला सईला न्यायला आलाय. दत्ता, मी सई करनार नाय. माजा वाटा मला पायजे. साडी नको."

दत्ताच्या हातातला कप तसाच राहिला. आत मॅडमनी अगदी साध्या शब्दांत विचारलं, "आणि माहेर तुटलं तर?"

"तुटलं तर रडंन," कुंदा म्हणाली. "पन सई करून बी रडनारच हाय ना, मॅडम."

दत्तानं कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, हे आत्ता चाललंय? का आदी भरून ठेवलेलं?"

"आत्ता."

"मंग थांबवता येनार नाय."

"नाही," मी म्हटलं. मला त्याची दया येत होती आणि कुंदाचा अभिमानही वाटत होता. तो तसाच स्पीकरकडे बघत बसला. मॅडम पुढचा प्रश्न विचारत होत्या, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली.

दारात सुमनताई, दम लागलेली, एक हात चौकटीला. तिच्या मागे रंजना. दोघींनी भावाकडे पाहिलं नाही. सुमनताई मला म्हणाली, "बाई, आमाला बी आत बोलायचंय. बसाया दोन खुर्च्या मिळतील का?"

माझ्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर मी, दुसरीवर दत्ता. मी उठायच्या आधी तो उठला.