मैदानावरचा मांडव

कॉलेजात मी खो-खो खेळायचे. सराव कॉलेजचे तास सुरू व्हायच्या आधी असायचा, म्हणून उचगावहून सकाळच्या पहिल्या बसने निघायचे. मैदान फार मोठं नव्हतं, पण माती चांगली होती आणि दोन्ही खांब आम्ही मुलींनीच घासून गुळगुळीत ठेवले होते. खो-खोत नुसतं पळता येऊन भागत नाही. पाठीवर थाप पडून कानावर ‘खो’ आलं, की बसलेल्या मुलीनं त्याच क्षणी सुटायला हवं. विचार करायला थांबली, तर समोरची धावणारी निसटलीच.

दुसऱ्या वर्षी शरीरशास्त्राच्या मॅडमनी पट्टी पकडायचं प्रात्यक्षिक घेतलं. एकीनं पट्टी उभी धरायची, दुसरीनं खालच्या टोकाशी बोटं उघडी ठेवायची, आणि न सांगता सोडलेली पट्टी पकडायची. जितका उशीर, तितकी ती बोटांतून घसरणार. आमच्या संघातल्या मुली पट्टी सुटताक्षणी पकडायच्या. बाकीच्या वर्गाची बरीच घसरायची. मॅडम म्हणाल्या की रोज अंग हलवणाऱ्या तरुणांचा प्रतिसाद सहसा चपळ असतो. पण एवढ्याशा वर्गावरून काही सिद्ध होत नाही, हेही लिहा.

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली आणि संस्थेनं मैदान भाड्यानं द्यायला काढलं. एक मांडव उतरला की दुसरा चढायचा, मधल्या दिवसांत कसलं तरी प्रदर्शन. आमचे खांब उपटून भिंतीकडेला टाकले. सकाळी आलं की मातीत खिळे, फुटके ग्लास, उष्टं. क्रीडाशिक्षकांनी तक्रार केली, तर जिन्याखाली दोरीउड्या घ्या असं त्यांना सांगण्यात आलं. काही दिवस आम्ही त्याही मारल्या. मग एकेक मुलगी यायची बंद झाली. मीही दुसऱ्या बसने येऊ लागले.

आणि तशाच अवस्थेत आम्हाला कागलला स्पर्धेला पाठवलं. पाठीवर थाप पडली, ‘खो’ स्पष्ट ऐकू आलं, आणि तरी माझं अंग जागचं हललं नाही. हललं तेव्हा धावणारी खांबाला वळसा घालून पलीकडे गेली होती. बघ्यांतून एक बाई म्हणाल्या, “पोरगी झोपली की काय गं?” आम्ही वाईट हरलो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सगळ्या प्राध्यापकांसमोर आम्हाला उभं केलं. दिवसभर मोबाईल बघायचा आणि मैदानावर डुलक्या काढायच्या, ही आजची पिढी, असं बरंच बोलले. मी मोबाईल बघत नव्हते असं नाही. पण मैदान असतानाही बघत होतेच की! मांडवाचा एका शब्दानं उल्लेख नाही. माझ्या कानशिलात रक्त चढलं होतं.

आमची कर्णधार कोडोलीची, शेतकऱ्याची मुलगी, कुणाला न भिणारी. ती मला ओढतच प्रयोगशाळेत घेऊन गेली. आम्ही मॅडमकडून पट्टी मागून घेतली आणि एकमेकींची परीक्षा घेतली. पूर्वी बोटांत अडकणारी पट्टी आता दोघींचीही लांब घसरत होती. मॅडमनी बजावलं, झोप कमी असेल, मन थाऱ्यावर नसेल, तरी असं होतं. एकाच कारणावर बोट ठेवू नका. कर्णधारानं मान डोलावली आणि पट्टी घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग.

“सर, हात पुढं करा,” ती म्हणाली.

त्यांना गंमत वाटली. त्यांनी बोटं उघडली, तिनं पट्टी सोडली, ती सरळ टेबलावर आपटली.

“आमचं वय झालं आता,” ते हसत म्हणाले.

“तुमचं वय झालं सर. आमचं कशानं झालं?”

हसू गेलं. संस्थेचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. वर म्हणाले की मुलींनी खेळून पुढं करायचंय काय. मग माझा तोल सुटला. मुलांच्या क्रिकेटच्या जाळीला कुठल्याच मांडववाल्यानं हात लावला नव्हता; ती कशी काय आड येत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, ती जागा वेगळी आहे. “मग तिथंच आमचे खांब रोवा,” मी म्हणाले.

जाळीजवळ नाही, पण सायकल स्टँडमागची एक चिंचोळी पट्टी मिळाली. खडे वेचले, खांब पुरले. पूर्ण मैदान आखण्याइतकी जागाच नव्हती, तरी वर्ष संपेपर्यंत आम्ही तिथं खेळलो. अंग पुन्हा सुटं झालं. पण सोडून गेलेल्या बहुतेक मुली परतल्या नाहीत, आणि पुढल्या वर्षी संघ उभाच राहिला नाही.

मध्यंतरी एका दाखल्यासाठी कॉलेजात गेलतो मी आणि माझा नवरा. मैदानावर आता कायमचा पत्रा आणि खाली फरशी आहे. त्या दिवशी तिथंच खुर्च्या मांडून, तरुणांनी शरीर हलवलं पाहिजे यावर कुणाचं तरी व्याख्यान चालू होतं. पोरं तासभर मुकाट बसलेली. खिडकीतल्या कारकुनाला मी विचारलं, मुली कुठं खेळतात?

“आता कोण खेळतंय, ताई? मोबाईलमधनं डोकं वर काढतील तवा की.”

“वर काढून बघायचं काय हो, ह्यो पत्रा?”

त्यानं दाखल्यावर शिक्का मारला आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.